चुलीमागचं माहेर

गणपती बोळवून आठ दिवस झाले होते, तेव्हा एक गोम पहिल्या बाळंतपणासाठी आमच्या घरी आली आणि हे आपलं माहेर आहे असं तिने माझ्या सासूबाईंना सांगितलं.

सकाळचे नऊ वाजले असतील. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्ती भाकऱ्या थापत होत्या आणि मी तीन महिन्यांच्या मुलीला पाजत बसले होते. गोम मोरीच्या भोकातून आत आली, भिंतीच्या कडेकडेने चुलीपर्यंत चालली आणि थांबली. घरात कधीमधी निघते तसली जाड, तांबडी गोम ती नव्हती. रानातल्या मातीत राहते ती ही. दोऱ्यासारखी बारीक, हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी पिवळी, माझ्या करंगळीपेक्षा थोडी लांब. तिला डोळे नव्हते. पुढच्या दोन मिशांनी तिने चुलीचा दगड चाचपला आणि म्हणाली, "हाच."

आत्तींनी तव्यावरची भाकरी आधी उलटली, मग विचारलं, कुठली गं तू.

गोमेने सगळं नीट सांगितलं. सासर ओढ्याच्या पलीकडे, फणसाच्या कुजलेल्या खोडात. जन्म मात्र इथला. या दगडाखाली जांभळीचं मनगटाएवढं मूळ आहे, ते पुढे जाऊन दोन ठिकाणी फुटतं, त्या बेचक्यात ती जन्मली, तिची आईही तिथेच जन्मली. पूर्वी वर रान होतं. मग घर आलं. पण मूळ जागच्या जागी आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, म्हणून ती आली.

आत्तींचा हात परातीत थांबला. आमचं गाव देवराईला लागून आहे. देवराई म्हणजे देवाचं रान. तिथली काडी तोडायची नाही, वाळलेलं पान उचलून बाहेर आणायचं नाही. काही हवंच असेल तर गुरवाकरवी देवाला कौल लावायचा. आमचं घर देवराईच्या हद्दीच्या बाहेर सहा हात आहे असं सगळे म्हणतात, आणि सगळ्यांत मोठ्याने आत्ती म्हणतात. हद्दीबाहेर जांभळीचं मूळ कसं, हे मी विचारलं नाही. मी या घरात दोनच वर्षांपूर्वी आलेली.

"मुळाचं बाहेर कुठं बोलू नको," आत्ती तिला म्हणाल्या. "आणि ऱ्हा."

अशी ती घरची लेक झाली. आत्तींना आई म्हणायला लागली आणि मला वहिनी.

आता माझं सांगते. गोम कानात जाते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एकदा गेली की निघत नाही, म्हणतात. मी मुलीच्या दोन्ही कानांत कापूस घातला, वरून टोपडं बांधलं, त्यावरून फडकं गुंडाळलं, आणि झोळी स्वयंपाकघरातून काढून पुढच्या सोप्यात टांगली. तसंही मी दिवसातून दहा वेळा तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होते. आता श्वास, कापूस, पुन्हा श्वास असं सुरू झालं. मुलीचं तोंड तेवढं दिसत होतं. आत्ती म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीला बांधतात तशी बांधलीयस पोरीला.

दुसऱ्या दिवशी चुलीमागे बीळ करून गोमेने मुळाच्या बेचक्यात अंडी घातली. बेचाळीस होती, राजगिऱ्याएवढी, पांढरी. त्यांच्याभोवती तिने वेटोळं घातलं आणि आम्हा दोघींना रीत समजावून सांगितली. चाळीस दिवस ती उठणार नाही आणि काही खाणार नाही. अंड्यांना बुरशी धरू नये म्हणून एकेक चाटत बसेल. तिला हात लावायचा नाही, तिच्यावर उजेड पाडायचा नाही, आणि माती सुकू द्यायची नाही.

"नाहीतर?" मी विचारलं.

"नाहीतर मी ती खाऊन टाकते," ती म्हणाली. नाहीतर दूध उतू जातं, असं सांगावं तसं.

मी मुलीला उचललं आणि अंगणात जाऊन उभी राहिले. असल्या बाईबरोबर एका छपराखाली कसं राहायचं. आत्ती मागून आल्या आणि म्हणाल्या, रेणू, ती तोंडावर सांगते एवढंच. तुझी आई तुझ्यावर कधी खाऊ का गिळू करत नव्हती? मी म्हटलं, तिला ओढ्याकाठी पोचवून येऊ. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की अडलेल्या लेकीला माहेरच्या दारातून परत लावायची पद्धत या घरात नाही.

मी गोव्याला ह्यांना फोन केला. हे तिथे हॉटेलात आचारी आहेत. ह्यांनी विचारलं, तिला विष आहे का. मी म्हटलं, आहे, पण गांडुळाला पुरेल एवढंच. मग राहू दे की. मला बहीण नव्हती, ती झाली, म्हणाले.

हे एकुलते एक, आणि त्यामुळेच आमच्या मुलीचं बारसं तीन महिने अडलं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. उसनी आत्या आत्तींना चालत नव्हती. चुलत नणंद होती, पण तिच्या लग्नातल्या जेवणावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. मुलगी आपली बाळी म्हणूनच चालली होती. ह्यांचा निरोप मी आत्तींना सांगितला, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे आत्या आली की घरात."

मी कापूस तपासून आले.

मंगळवारी सरकारी दवाखान्याची आशाताई आली. तिचं नाव मंगल, गरोदर बायका आणि बाळंतिणींची वही तिच्याकडे असते. एका घरात दोन बाळंतिणी बघून ती जरा रागावली. नोंदणी बाराव्या आठवड्याच्या आत करायची असते, हे गोमेला तिने आधी ऐकवलं. मग खाली बसून वही उघडली. नवऱ्याचं नाव विचारलं. गोम म्हणाली, त्याला मी भेटले नाही. त्याने वाटेवर बारीकसं जाळं विणलं, ठेवायचं ते त्यावर ठेवलं आणि पुढे गेला. मी मागून जाऊन ते घेतलं. मंगलताईने थोडा विचार केला आणि 'कामानिमित्त बाहेरगावी' असं लिहिलं. आमच्या गावात निम्म्या घरांपुढे तेच लिहिलेलं आहे. माझ्यापुढेही.

वजनकाट्याचा काटा हलला नाही, म्हणून 'वजन स्थिर' लिहिलं.

"पायांना सूज?" मंगलताईने विचारलं.

"कुठल्या?" गोमेने विचारलं.

तिला पायांच्या त्रेपन्न जोड्या आहेत. मंगलताई म्हणाली, एकंदरीत. गोमेने सगळे आठवून बघितले असावेत, कारण बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, एकंदरीत नाही. मंगलताईने लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन मुलांत अंतर ठेवण्याबद्दल चार शब्द सांगितले आणि गेली. गोळ्या आत्तींनी मला चालू केल्या.

दहा दिवस बरे गेले. चूल आम्ही कमी आणि पुढच्या तोंडाशीच जाळत होतो, त्यामुळे मागची माती ओलसर राहत होती. पण आत्ती आतून अस्वस्थ होत्या. लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली आणि तिच्या पोटात डिंकाचा लाडू नाही, अंगाला तेल नाही, शेक नाही. मेथीचे लाडू करून ताटली बिळाच्या तोंडाशी ठेवली, ती तशीच परत आली. खीर ठेवली, तिला मुंग्या लागल्या. आत्ती म्हणाल्या, उद्या हिच्या सासरचे म्हणतील, माहेरी उपाशी ठेवली.

अकराव्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन दुपटी धुवायला विहिरीवर गेले. परत आले तर घरात धूर. आत्तींनी चुलीमागे निखाऱ्यांची शेगडी ठेवली होती, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली होती, आणि शेजारी पदर सावरून समाधानाने बसल्या होत्या. मला शेक दिला तेव्हा बसल्या होत्या तशाच.

"वहिनी," आतून आवाज आला. मोठा नव्हता. "माती सुटायला लागली. मीपण सुटायला लागलेय."

मी वाकून बघितलं. वेटोळं सैल झालं होतं. तिचं तोंड अंड्यांच्या जवळ होतं आणि ते थांबत नव्हतं.

मी शेगडी फडक्याने धरून अंगणात नेऊन ओतली. पाणी शिंपडू का विचारलं. ती म्हणाली, पाण्याने अंडी वाहतील. देवराईतला पाचोळा पाहिजे, खालच्या थरातला, त्याची त्याला ओल असते. किती वेळ आहे, मी विचारलं.

"चार भाकऱ्या होईस्तोवर धरते."

आत्ती भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी लेकीचंच केलं गं," एवढंच म्हणाल्या.

देवराई आमच्या परसापासून सहा हातांवर, पण कौलाशिवाय पान उचलता येत नाही. मी मुलीला घेऊन देवळात पळाले. गुंडू गुरव समईला तेल घालत होता. त्याने माझं सगळं ऐकलं, हात धुतले आणि देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन ओली पानं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मी मनात भाकऱ्या मोजत होते. पहिली झाली होती.

डावं पडलं.

गुंडू म्हणाला, पाचोळा बाहेर जायचा नाही ही रीत आहे, आणि देवाच्या मनात असलं तरी रीत देवालाही मोडता येत नाही. दुसरी भाकरी तव्यावर होती. मी म्हटलं, "मामा, पाचोळा बाहेर नको. देवराई आत घेता येते का?"

तो म्हणाला, आत म्हणजे कुठं. मी म्हटलं, आमच्या चुलीमागे, दीड हात.

गुंडूने पाषाणाकडे बघितलं. असा कौल त्याच्या बापाने लावला नव्हता, आज्यानेही नाही. पण लावू नये असंही कुणी सांगितलेलं नाही, म्हणाला. फक्त घरमालकाची संमती लागेल. तेव्हा मागून आत्तींचा आवाज आला. त्या देवळाच्या पायरीवर उभ्या होत्या, हाताला राख तशीच.

आत्तींनी सांगितलं की घर बांधलं त्या साली मालकांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हद्दीचा दगड देवराईत सहा हात आत सरकवला होता. दगड जड होता आणि दुसरं टोक आत्तींनी स्वतः धरलं होतं. बत्तीस वर्षं त्या देवळात येत होत्या आणि दरवेळी हेच सोडून बाकीचं सगळं देवाला सांगत होत्या.

"दीड हात आत्ता घ्या," त्या गुंडूला म्हणाल्या. "राहिले साडेचार पुढल्या गौरीला बघू."

गुंडूने पानं लावली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवं पडलं. तिसरी भाकरी झाली होती.

देवराईत मी याआधी कधी गुडघ्यावर बसले नव्हते. मुलीला खांद्यावर टाकलं आणि एका हाताने पाचोळा बाजूला केला. वरची पानं कोरडी, वाजणारी. त्याखाली तपकिरी, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली पानाच्या नुसत्या शिरा उरलेल्या. आणि मग काळी माती, पांढरे तंतू पसरलेली, गार. तिला बाळाच्या टाळूला येतो तसला वास होता. मी मूठ भरून घेणार, तेवढ्यात दिसलं, तिथेही एक गोम वेटोळं घालून बसलेली. मी थर परत ओढला, पांघरूण ओढतात तसा, आणि दोन हात पलीकडून घेतला. ओटीत भरला आणि पळत आले.

गुंडू चपला दारात काढून आत आला होता आणि त्याने चुलीमागे सुपारीएवढे चार दगड मांडून ठेवले होते. मी त्यांच्या आत पाचोळा टाकला, हलक्या हाताने, मुळाच्या बेचक्यापर्यंत. काही वेळ काहीच झालं नाही. मग वेटोळं हळूहळू आवळलं गेलं.

"एक्केचाळीस," गोम म्हणाली.

आत्ती उठल्या आणि मोरीवर गेल्या. हात खूप वेळ धूत होत्या.

मुलीला झोळीत टाकताना माझ्या लक्षात आलं की तिच्या डाव्या कानातला कापूस नाही. कुठे पडला, केव्हा पडला, माहीत नाही. तासभर मी बघितलंच नव्हतं. दुसरा लगेच घातला.

त्या दिवसापासून आमच्या चुलीमागचा दीड हात देवराई आहे. तिथे चप्पल चालत नाही, विळी नेता येत नाही आणि खोटं बोलता येत नाही. केर काढता येत नाही हे आत्तींना सगळ्यांत जड गेलं, कारण त्या दिवसातून तीनदा झाडतात. माझ्या हातून एकदा कढीपत्त्याची दोन पानं तिकडे उडाली, ती देवाची झाली. आत्ती रोज सकाळी दगडांच्या अलीकडे बसून विचारत, काय बाई, बरं हाय? आतून 'बरं आहे' असं यायचं. शेकाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी गोम उठली. पिलं पांढरी होती आणि तिच्या पाठीमागे एका रांगेत उभी होती. मंगलताई तिची शेवटची भेट लिहायला आली होती. तिने मुलगे किती, मुली किती विचारलं. मुली तेवीस होत्या. सगळ्यांचा जन्म इथला, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला सगळ्या इथेच येतील, असं गोमेने सांगितलं. आत्तींनी बोटांवर थोडं मोजलं, मग सोडून दिलं.

"सगळ्या एकदम येऊ नका म्हणावं," त्या म्हणाल्या.

त्यांनी लेकीची ओटी भरली. पाच तांदळाचे दाणे आणि हिरव्या खणाचा एक दोरा. गोमेने मिशांनी प्रत्येक दाणा चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, भाचीचं राहिलंय."

हे येणार हे मला चाळीस दिवस माहीत होतं. मुलगी माझ्या मांडीवर जागी होती. आत्ती खालीच बघत होत्या. मी मनात धरून ठेवलेलं बोलून टाकलं.

"गोम कानात जाते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

गोम म्हणाली, "कानात जाऊन राहायचं कुठं? कोरडं असतं. पाचोळा नाही, गांडूळ नाही." आणि थोड्या वेळाने, "आमच्यात म्हणतात, माणूस दिसला की पाचोळा झाडून नेतो. ते खोटं आहे का?"

आत्तींनी कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघितलं.

मी फडकं सोडलं, टोपडं काढलं. उजव्या कानातला कापूस काढला. मग डाव्यातलाही काढला. तळहात जमिनीला टेकवला, गोम त्यावर चढली. वजन असं काही लागलं नाही, नुसती ओल लागली. हात मुलीच्या कानाशी नेला. गोम त्यावर तोल सांभाळून उभी होती. ती कानाच्या पाळीवर गेली, कानाच्या वाटीपर्यंत गेली आणि थांबली.

बारशाला आत्या कानात कुर्र करते तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. आत्तींनी एक दूर्वा घेतली आणि तिचं टोक गोमेच्या पाठीवर पाच वेळा टेकवलं. मुलीने डोळे मोठे केले. रडली नाही. हाताची मूठ उघडली आणि परत मिटली.

गोम गेली तशी परत आली. मी पाय मोजले. त्रेपन्न जोड्या बाहेर आल्या होत्या, आत एकही राहिला नव्हता.

मंगलताई वही उघडून बसली होती. काय ठेवलं नाव, तिने विचारलं.

"तिच्या कानात सांगितलंय," गोम म्हणाली.

आत्ती म्हणाल्या, कानात सांगून झालं की आत्या मोठ्याने सांगते, तशी रीत आहे. गोम म्हणाली, आमच्यात एकदाच सांगतात. मग तिने आत्तींच्या पायाच्या अंगठ्याला मिशा टेकवल्या, मोरीच्या भोकातून बाहेर पडली आणि तिच्यामागून एक्केचाळीस पिलं गेली. आत्ती परसात जाऊन ओढ्याच्या वाटेकडे बघत उभ्या राहिल्या. ती वाट गवताखालून होती, दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ उभ्या होत्या.

कापसाच्या मी वाती वळून ठेवल्या. मंगलताईला पुढच्या घरी जायचं होतं. तिने मुलीकडे बघितलं, मग बालकाच्या नावाच्या रकान्यात लिहिलं, 'नाव मुलीला माहीत आहे. बोलू लागल्यावर नोंद घ्यावी.' खाली माझी सही घेतली आणि वही मिटली.